हवा वाढली, पेट्रोल तेवढेच

मित्रांनो, मी तीन अश्वशक्तीचे एक जुने पेट्रोल इंजिन आहे. माझा मूळचा हिरवा रंग आता फक्त टाकीखालच्या कोपऱ्यात उरला आहे. बहुतेक इंजिने म्हातारपणी झिजून झिजून थांबतात. मी मात्र एकदा ऐन भरात, वैनगंगेच्या पुरात, नावेत नऊ माणसे बसलेली असताना थांबलो. ती गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे. कोणाला दोष देण्यासाठी नाही, कारण तिच्यात वाईट माणूस एकही नाही. तरीही माणसे बुडता बुडता वाचली. असे का झाले, ते तुम्हाला कळावे एवढीच माझी इच्छा आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम ओतून माझे भाग घडवले. अंगाला पातळ पातळ पंख दिले, म्हणजे वाऱ्याने मी थंड राहावे. पोटात वरखाली धावणारा पिस्टन बसवला. एका बाजूला हवा आणि पेट्रोल मिसळणारा कार्बुरेटर, आणि त्याच्यात पितळेचे एवढेसे जेट. जेटला सुईच्या टोकाइतके बारीक भोक असते. त्या भोकातून येईल तेवढेच पेट्रोल मला मिळते. हवा आत यायला एक तोंड होते, त्यावर जाळी होती. धूर बाहेर जायला डबा होता. ज्या माणसाने मला शेवटी तपासले, त्याने जाळी, जेट आणि धुराचा डबा हे तिन्ही एकमेकांशी जुळवून पाहिले. बराच वेळ तो माझा आवाज ऐकत उभा होता. मग त्याने मान हलवली आणि मला खोक्यात बंद केले.

तुम्हाला एक गोष्ट आताच सांगून ठेवतो. माझ्यासारख्या इंजिनात पेट्रोलमध्येच थोडे तेल मिसळून घालतात. म्हणून पेट्रोल माझ्या पोटात नुसते जळत नाही. आत शिरताना ते मला गार करते, आणि त्यातले तेल पिस्टनला ओलावा देते. हवा जास्त आणि पेट्रोल कमी झाले, तर आग कोरडी आणि फार तापट होते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र वाटते, इंजिन काय छान चालले आहे.

मला पहिल्यांदा घेतले ते सिहोऱ्याच्या खुशाल नावाच्या शेतकऱ्याने. ते साल १९७० होते. नाल्याचे पाणी उपसून धानाच्या बांध्यांत टाकायचे, हे माझे काम. बहात्तर साली पावसाने दगा दिला. धान निसवायला, म्हणजे लोंब्या बाहेर पडायला आला आणि आभाळ कोरडे पडले. तेव्हा मी सलग अकरा दिवस चाललो. खुशाल माझ्या शेजारी बांधावर बसून भाकर खायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "यानंच वाचवला माहा धान." त्या दसऱ्याला त्याने मला झेंडूचा हार घातला.

पुढच्याच वर्षी शेतात विजेचे खांब आले आणि विजेचा पंप बसला. मी गोठ्यात तणसाखाली, म्हणजे धानाच्या पेंढ्याखाली गेलो. एक कोंबडी माझ्या टाकीवर बसून अंडी द्यायची. सव्वा वर्ष मी एकही श्वास घेतला नाही. मित्रांनो, गंज चढतो तेव्हा दुखत नाही. आपण कोणाला आठवत नाही, हे मात्र दुखते.

तिथून मला तुलारामने बाहेर काढले. तुलाराम कारध्याचा, नदीवर मासे धरणाऱ्या घरातला. वय तिशीचे, अंगाने सडपातळ, स्वभावाने घाईचा. त्याने मला नावेच्या मागच्या भागात लाकडी पाटांवर घट्ट बसवले. माझ्या दांड्याला लांब लोखंडी सळई जोडून तिच्या टोकाला पाण्यात फिरणारा पंखा लावला. पंपाचे इंजिन होतो, आता नावेचे इंजिन झालो.

नावेवर दोघे असत. सुकाणू तुलारामकडे, आणि मी सखाबाईकडे. सखाबाई ही तुलारामची थोरली बहीण. तिचा नवरा लवकर गेला, तेव्हा ती माहेरी परत आली आणि भावाच्या बरोबरीने नदीवर राबू लागली. तुलाराम तिला नुसते 'बाई' म्हणत असे. दोरी ओढून मला सुरू करणे, पेट्रोलमध्ये तेल मोजून मिसळणे, प्लग काढून पुसणे, ही सगळी कामे तिची. तिला वाचता येत नव्हते. पण प्लगचा रंग ती रोज पाहायची. प्लग म्हणजे माझ्या डोक्यात ठिणगी पाडणारी वस्तू. तिच्या टोकावर जो रंग चढतो, त्यावरून माझ्या पोटातली आग कळते. तेव्हा तो रंग कडक चहासारखा तपकिरी असायचा. सखाबाई तो लुगड्याच्या पदराला पुसायची आणि परत बसवायची.

आमची नाव नदीच्या वरच्या अंगाच्या तीन गावांतून मासळीच्या टोपल्या गोळा करून कारध्याच्या घाटावर आणी. तिथून सकाळी आठची एस.टी. त्या टोपल्या टपावर घेऊन नागपूरला जाई. शेवटचे गाव मोहटोली. पलीकडच्या काठावर, नदी आणि नाला यांच्या बेचक्यात वसलेली ती सात-आठ घरांची टोली. तिथला आसाराम नावाचा पन्नाशीचा माणूस मासळी तोलून द्यायचा.

अडचण एकच होती. मी हळू होतो. धूरही सोडत होतो. आठवड्यातून दोनदा तरी घाटावर पोचेपर्यंत गाडी निघून जाई, आणि मासळी उन्हात पडे. एका सकाळी रोहूच्या दोन टोपल्या अशाच खराब झाल्या. तुलारामने त्या नदीत ओतल्या आणि त्याच दुपारी तो मला नावेतून सोडवून, सायकलवर बांधून पूल ओलांडून भंडाऱ्याला घेऊन गेला. १९७७ सालची होळी नुकतीच झाली होती.

भंडाऱ्यात हिरालाल मिस्त्रीचे दुकान होते. मोटारसायकली पळवायला हिरालालच्या हातात जादू आहे, असे लोक म्हणत. हसरा, बोलका माणूस. त्याने मला बाकावर ठेवून सगळीकडून पाहिले.

तुलाराम म्हणाला, "मिस्त्री, नाव लय हळू जाते. आठची गाडी सापडत नाही. याचा काही तरी करून दे."

"होते ना," हिरालाल म्हणाला. "याचा श्वास कोंडून ठेवला हाय. मी मोकळा करून देतो. एकदम मक्खन चालन."

त्याने हवेच्या तोंडावरची जाळी काढून टाकली. धूर जाण्याचा मार्ग कानशीने घासून रुंद केला. धुराचा डबा कापून अर्धा केला. त्याचा हात सफाईदार होता, मला कुठेही ओरखडा उठला नाही. पण जेट त्याने बदलले नाही. मोठ्या भोकाचे जेट त्याच्याकडे नव्हते. हवा वाढली, आणि पेट्रोल होते तेवढेच राहिले.

खरे सांगतो, त्या दिवशी मला फार आनंद झाला. श्वास मोकळा झाला होता. अंग हलके झाले होते. दुसऱ्या सकाळी नाव पाण्यावरून अशी निघाली की मोहटोलीच्या काठावर बायका घागरी खाली ठेवून पाहत राहिल्या. धूर जवळजवळ दिसेना. घाटावर आम्ही साडेसातलाच पोचलो.

आसाराम दुसऱ्या दिवशी म्हणाला, "तुलाराम, तुहा इंजिन तं जवान झाला गड्या."

तुलाराम दिवसभर हसत होता. मीही फुशारलो होतो. पोटात काहीतरी कोरडे कोरडे लागत होते, पण स्तुती ऐकताना तिकडे कोण लक्ष देतो?

चौथ्या दिवशी सखाबाईने प्लग काढला आणि ती थांबली. तिने तो उन्हात धरला.

"तुलाराम, हे पाह्य. पयले चहावानी रंग राहे. आता पाह्य, राखेवानी पांढरा."

"पांढरा म्हंजे साफ जळून राहिला, बाई. धूर कुठी दिसते का तुले?"

"चुलीत लाकूड असंच भगभग जळते तवा भात करपते. हे मले बरं नाही दिसत."

"तू चूल पाह्य. इंजिनाचं मिस्त्रीले समजते," तुलाराम म्हणाला. तो रागाने बोलला नव्हता. पण त्याने तिच्याकडे पाहिलेही नाही.

सखाबाईने प्लग पुसून परत बसवला. मात्र दोन दिवसांनी बाजाराच्या निमित्ताने ती पायी पूल ओलांडून भंडाऱ्याला गेली. तिने जुना प्लग बसवून पांढरा प्लग पदराच्या गाठीत बांधून नेला होता. परत आल्यावर तिने तुलारामला सारे सांगितले, म्हणून ते मला कळले. हिरालाल आधी हसला होता. मग त्याने प्लग निरखला आणि त्याचे हसू थोडे कमी झाले.

"बाई, याले मोठा जेट लागन," तो म्हणाला होता. "नागपूरहून बोलावतो. आठ-दहा दिवसांत येऊन जाईन. तवरक फुल्ल नोका चालवू."

आठ-दहा दिवस गेले. महिना गेला. नदी उन्हाळ्याची होती, पाणी शांत, ओझे थोडे. पुढे पावसाळा लागला तरी नदी फारशी भरली नव्हती. मला पूर्ण जोर लावायची वेळ क्वचितच येई. म्हणून मी टिकलो. पण खुणा दिसत होत्या. तापल्यावर मी लवकर सुरू होत नसे. कधी कार्बुरेटरमधून उलटा फटाका फुटल्यासारखा आवाज येई. चढावर गाडी ओढताना बैल जसा दात आवळतो, तसा माझ्या पोटातून कट-कट असा बारीक आवाज येऊ लागला. सखाबाई प्रत्येक वेळी सांगे. तुलाराम म्हणे, "जेट आला की लावू." आणि आठची गाडी रोज सापडत होती. जे रोज निभावते, त्याची भीती माणसाला राहत नाही.

पोळा दहा दिवसांवर आला असताना वर बालाघाटकडे तीन दिवस पाऊस कोसळला. कारध्याला आभाळ साधे ढगाळ होते, पण नदी वाढत होती. चौथ्या दिवशी सकाळी पाणी पुलाच्या खालच्या बाजूला टेकायला आले आणि भंडाऱ्याचा रस्ता बंद झाला. पाण्यावरून झाडे, ओंडके, एक अख्खे छप्पर वाहत गेले. साडेनऊच्या सुमाराला घाटावरच्या लोकांना पलीकडे मोहटोलीच्या उंचवट्यावर कोणीतरी लाल लुगडे हलवताना दिसले. टोलीच्या मागचा नाला फुगला होता. पुढे नदी, मागे नाला. घरांत पाणी शिरले होते. आणि त्या दिवशी कारध्याच्या घाटावर इंजिनाची नाव एकच होती.

तुलारामने कोणाला विचारले नाही. त्याने नाव सोडली. सखाबाई आधीच माझ्याजवळ येऊन बसली होती.

आम्ही काठाकाठाने, जिथे ओढ कमी तिथून वर गेलो आणि मग धार कापून पलीकडे पोचलो. टोलीवर चौदा माणसे होती. पहिल्या खेपेला लेकरे आणि त्यांच्या आया, अशी सात माणसे घेतली. परतताना अडचण अशी होती की नदी आम्हाला खाली ढकलत होती, आणि खाली पूल होता. पुलाच्या खांबांवर पाणी आपटून पांढरे होत होते. तिथे नाव गेली तर फळ्यांचे तुकडे होणार. म्हणजे पुलापर्यंत वाहत जाण्याच्या आत आम्हाला नदी आडवी कापून घाटावर लागायलाच हवे होते. त्यासाठी मला पूर्ण जोर लावावा लागला. त्या वेळी माझ्या पोटात जे झाले ते मी आजही विसरलो नाही. पिस्टन तापून फुगत होता. त्याच्याभोवतीचे तेल जळून जात होते. लोखंडावर लोखंड घासावे तसे मला कोरडे कोरडे घासल्यासारखे वाटत होते. तरी मी घाट गाठला. लेकरे उतरली.

लोक आनंदाने बोलत होते. सखाबाईने मात्र फडक्याने धरून माझा प्लग काढला. तो पांढराफटक होता, आणि त्यावर चांदीच्या वर्खासारखे बारीक ठिपके होते. तिने ते नखाने खरवडून पाहिले. ते काय आहे, तिला माहीत नव्हते. मला माहीत होते. तो माझ्या पिस्टनचाच वितळलेला भाग होता.

"तुलाराम, याले घडीभर थंडा होऊ दे," ती म्हणाली. "हे काही तरी आतून उडून राहिला."

"बाई, आसारामच्या घरात कंबरभर पानी हाय. घडीभर कोठून आनू?"

तिने पलीकडे पाहिले. उंचवटा आता लहान दिसत होता. तिने प्लग पुसून बसवला. एक फडके नदीत भिजवून माझ्या पंखांवर फिरवले. वाफ निघाली.

"चाल," ती म्हणाली. "पन जाताना जोर किती सोडायचा ते मी ठरवन. आज मशीन माह्या हातात."

तुलारामने पहिल्यांदाच तिचे शब्द न तोडता मान हलवली.

दुसऱ्या खेपेला वर जाताना ओढ वाढली होती. अर्ध्या जोराने नाव जागच्या जागी थरथरत उभी राही. सखाबाई थोडा जोर वाढवी, माझा आवाज ऐके, पुन्हा कमी करी. एकदा माझा आवाज एकाएकी पातळ झाला आणि वेग आपोआप उतरला. पिस्टन तापून भोवतीच्या भिंतीला चिकटू, म्हणजे धरायला लागला होता. त्या क्षणी सखाबाईने चोक अर्धा ओढला.

मित्रांनो, चोक म्हणजे हवेच्या तोंडावरची झडप. सकाळी थंड इंजिन सुरू करताना ती लावतात. झडप अर्धी लागली की हवा कमी होते आणि त्या मानाने पेट्रोल जास्त मिळते. हे तिला कोणी शिकवले नव्हते. धूर येत असे तेव्हा मी गार असे, एवढे तिने पाहून ठेवले होते. माझ्या डब्यातून निळसर धूर निघाला. पोटात ओलावा आला. पिस्टन सुटला.

"धूर आला," सखाबाई म्हणाली. तिच्या तोंडून तो शब्द एखादी चांगली बातमी सांगावी तसा निघाला.

असे सावकाश आम्ही टोलीला पोचलो. पाणी उरलेल्या सात जणांच्या गुडघ्याला लागले होते. आसारामने एकेकाला नावेत चढवले. त्याची म्हातारी आई आनंदाबाई दोन शेळ्यांच्या दोऱ्या सोडीना.

"माय, शेळ्या राहू दे," आसाराम म्हणाला.

"माणसावानी ओरडून राहिल्या त्या. मी नाही सोडत," म्हातारी म्हणाली.

तुलारामने वाद न घालता दोन्ही शेळ्या उचलून नावेत टाकल्या. नाव काठोकाठ भरली. पाणी फळीपासून चार बोटांवर होते.

आम्ही निघालो. सखाबाईने चोक अर्धा ठेवला आणि जोर दोन तृतीयांश. नाव तिरपी तिरपी नदी कापू लागली. घाट जवळ येत होता, पण पूलही जवळ येत होता, आणि पूल जास्त वेगाने येत होता. तुलाराम सुकाणूला छातीने रेटून उभा होता.

"बाई, सोड पुरा," तो म्हणाला.

"नाही. पुरा सोडला तं मधातच बंद पडन."

"खांब दिसून राहिले, बाई."

"दिसतेत मले. नदीचा मधला भाग जाऊ दे पयले."

 आसाराम दोन्ही हातांनी पाणी उपसत होता. आनंदाबाईने शेळ्यांची तोंडे पदराखाली घेतली होती. मी धुरात चाललो होतो, जड, संथ, पण चाललो होतो. मधली धार ओलांडली. घाटावरच्या माणसांचे चेहरे दिसू लागले. कोणीतरी दोर झेलायला पाण्यात कंबरेपर्यंत उतरले होते.

तेवढ्यात वरून एक अख्खे आंब्याचे झाड मुळांसकट वाहत आले. ते सरळ आमच्या नावेवर येत होते. संथ चाललो असतो तर ते आम्हाला घेऊनच पुलावर गेले असते. तुलारामने ते पाहिले आणि त्याने बहिणीकडे पाहिले. 

सखाबाईने एकदा माझ्यावर हात ठेवला. अंग पोळत होते, तरी तिने तो क्षणभर तसाच ठेवला.

"आता पुरा सोडते," ती भावाला म्हणाली. "मंग हे नाही राहणार. घाटाले लागू तं याच्यातच लागू."

तिने चोक उघडला आणि जोर शेवटपर्यंत ओढला.

मित्रांनो, मी ते सारे दिले. धूर नाहीसा झाला. आवाज टिपेला चढला. नाव पुढे उसळली. झाडाच्या फांद्या मागच्या फळीला घासत गेल्या. माझ्या पोटातली आग पांढरी झाली होती आणि पिस्टनच्या माथ्याचा एक कोपरा मऊ पडत होता, हे मला कळत होते. घाट पन्नास हातांवर आला. तीस. वीस. आणि मग माझ्या आत एक फट् असा आवाज झाला. पिस्टनला भोक पडले. सगळा जोर त्या भोकातून निघून गेला. मी थांबलो.

पण नावेचा वेग एकदम मरत नाही. त्या वेगात ती आणखी थोडी सरकली. तुलारामने दोर फेकला. पहिल्यांदा तो पाण्यात पडला. दुसऱ्यांदा घाटावरच्या माणसाच्या हातात गेला. आठ-दहा जणांनी तो धरला, नाव वळसा घेऊन काठच्या बाभळींत घुसली आणि अडकली. खाली पंचवीस-तीस हातांवर पुलाचा पहिला खांब होता. ते आंब्याचे झाड त्यावर आदळले तेव्हा घाट हादरला.

माणसे उतरली. आनंदाबाई शेळ्या घेऊन चढावर गेली. सखाबाई मात्र नावेतच बसून राहिली. तिच्या तळहाताला फोड आले होते. तुलाराम तिच्याजवळ येऊन बसला. 

"तू पयलेच सांगत होती," तो म्हणाला.

"हो," सखाबाई म्हणाली. "चाल, आता हात दे मले."

तिसऱ्या दिवशी पाणी उतरले आणि पूल मोकळा झाला. सर्वांत आधी पूल ओलांडून आला तो हिरालाल. त्याला कोणी बोलावले नव्हते, बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. त्याने तुलारामच्या अंगणात मला उघडले. पिस्टन बाहेर काढला. त्याच्या अंगावर उभे ओरखडे होते आणि माथ्याच्या कडेला करंगळी जाईल एवढे भोक. हिरालाल तो हातात घेऊन बसून राहिला. मग त्याने खिशातून एक कागदाची पुडी काढली. तिच्यात पितळेचे नवे जेट होते.

"हे पंधरा दिवस झाले येऊन," तो म्हणाला. "माह्या डब्यात पडून होता. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत राहिलो. हवा मी वाढवलो, पेट्रोल वाढवलो नाही. बाई प्लग घेऊन आली तवाच मले समजलं होतं."

आसाराम तिथेच उभा होता. तो स्वतः आणि त्याची म्हातारी आई त्या नावेत होती. सगळे त्याच्याकडे पाहू लागले. त्याने पिस्टन हातात घेतला, भोक पाहिले आणि तो हिरालालला परत दिला. तुलाराम म्हणाला, "तुही एकट्याची चूक नाही, मिस्त्री. मले गाडी सापडत होती, मंग मी कायले आयकतो."

हिरालालने मला नवा पिस्टन घातला. जाळी परत लावली. नवा डबा बनवला. धुराचा रुंद केलेला मार्ग काही पुन्हा अरुंद होत नव्हता, म्हणून मोठे जेट बसवले आणि ते जुळवायला तो सलग चार दिवस कारध्याला आला. दर वेळी मला अर्धा तास चालवायचा, प्लग काढायचा आणि सखाबाईच्या हातात द्यायचा.

"तुमी सांगा, बाई."

ती उन्हात धरून पाहायची. "अजून पांढरा हाय." दुसऱ्या दिवशी, "थोडा आला." चौथ्या दिवशी तिने प्लग बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "असाच राहे." हिरालालने त्यावर कार्बुरेटरच्या स्क्रूला पुन्हा हात लावला नाही.

त्यानंतर मी नावेवर आणखी आठ वर्षे काम केले. पूर्वीपेक्षा थोडा वेगवान, पण त्या सहा महिन्यांइतका कधीच नाही. कधी आठची गाडी चुकायची. मग तुलाराम टोपल्या ओल्या पोत्यांनी झाकून साडेनऊच्या गाडीची वाट पाहत बसायचा. पंच्याऐंशी साली नावेच्या फळ्या कुजल्या. तेव्हा त्याने मला भंगारात न देता दिघोरीला लेकीच्या घरी पाठवले. आता वर्षातून महिनाभर, धानाच्या पऱ्ह्यांना, म्हणजे कोवळ्या रोपांना पाणी द्यायला, मी चालतो. तुलारामची लेकही प्लग काढून उन्हात धरते. ते तिला आत्याने शिकवले आहे.

मित्रांनो, आम्हाला बोलता येत नाही. पण आम्ही गप्पही नसतो. रंग बदलतो, आवाज बदलतो, अंग तापते. जो रोज हात लावतो त्याला ते आधी कळते, मग तो शिकलेला असो वा नसो. त्याचे ऐका. आणि आमच्याकडून जास्त काम हवे असेल तर जरूर मागा, पण त्या मानाने खायलाही द्या. दुरुस्ती उद्यावर टाकू नका.

माझा तो जुना पिस्टन हिरालालने फेकला नाही. दुकानाच्या दारात खिळ्याला टांगून ठेवला आहे. कोणी गाडी जास्त पळवून दे म्हणत आला, की तो आधी तो पिस्टन खाली काढतो, त्याच्या हातात देतो आणि म्हणतो, "याच्यात बोट घाल. मंग सांग, का करायचं ते."

आणि गिऱ्हाईक बोट घालून पाहीपर्यंत तो पान्याला हात लावत नाही.